काठी डावीकडे का ओढते: जुना मोबाइल गेम नव्याने बांधणाऱ्यांना मूळ कर्त्याचं उत्तर

सोलापुरात अभियांत्रिकी शिकणाऱ्या चार मुलामुलींनी मला विचारलं आहे. २००४च्या सुमारास मी जावा फोनसाठी काठी तोलण्याचा एक छोटा गेम केला होता, तो ते गोदो या गेम बांधायच्या साधनात नव्याने बांधतायत. त्यांचे प्रश्न तीन. स्वतःचं सुरुवातीचं काम चाहत्यांनी पुन्हा घडवलेलं पाहून मूळ डिझायनरला काय दिसतं? नव्या आवृत्तीत काय जसंच्या तसं ठेवावं आणि काय बदलावं? आणि शेवटचा, अगदी नेमका: विजापूर वेशीच्या टप्प्यातला वारा मुळात कसा चालायचा, कारण त्यांच्या आवृत्तीत तो ‘तसा’ वाटत नाही.

तिन्हींचं उत्तर एकमेकांत गुंतलेलं आहे, म्हणून सलग लिहितो. तुमची आवृत्ती मी खेळलो. ब्राउझरमध्ये चालणारी आणखी एक आहे, आणि एका शाळकरी मुलाने स्क्रॅच या मुलांसाठीच्या भाषेत केलेली तिसरीही पाहिली. तिन्ही पाहिल्यावर मला पहिल्यांदा नीट दिसलं की त्या गेममध्ये दोन थर होते. एक मी ठरवून घातलेला, दुसरा फोनने माझ्याकडून करवून घेतलेला. करताना हे दोन्ही थर एकजीव असतात, कळत नाहीत. दुसरा कुणी तोच गेम वेगळ्या यंत्रावर बांधतो तेव्हा ते आपोआप सुटे होतात, कारण त्याच्या यंत्रावर माझ्या अडचणी नसतात. वीस वर्षांनी स्वतःचं काम तपासायची याहून चांगली संधी मला मिळाली नसती, आणि त्याबद्दल मी तुमचा खरोखर ऋणी आहे.

आधी गेम काय होता ते सांगतो, कारण बाहेरच्या वाचकाला ते माहीत नसणार. सोलापुरात मकर संक्रांतीच्या सुमारास ग्रामदैवत श्री सिद्धरामेश्वरांची यात्रा भरते, आपण तिला गड्डा म्हणतो. त्यात मानाचे सात नंदीध्वज निघतात. उंच, जड काठ्या, आणि त्या उभ्याच्या उभ्या पेलत गर्दीतून न्यायच्या. बाराबंदी घातलेले भक्त ते करतात, आणि त्याचा सराव यात्रेच्या कितीतरी आधी सुरू होतो. लहानपणी मला मिरवणुकीपेक्षा हा सराव बघायला जास्त आवडायचं. गर्दी नाही, झगमगाट नाही, नुसता माणूस आणि काठी. पेलणाऱ्याची नजर पूर्ण वेळ वर, टोकाकडे असते. काठी झुकायला लागली की तो हातांनी ओढत नाही, झुकाव ज्या बाजूला आहे त्या बाजूला स्वतः पाऊल टाकतो आणि तिच्या खाली जाऊन उभा राहतो. हेच मी गेममध्ये घेतलं. चार नंबरचं बटण दाबलं की माणूस डावीकडे पाऊल टाकणार, सहा दाबलं की उजवीकडे. बाकी काही नाही.

फोन होते नोकियाच्या सिरीज ४० मधले, १२८ बाय १२८ पिक्सेलच्या स्क्रीनचे. जार फाइल, म्हणजे सगळा गेम ज्यात बांधलेला असतो ती एकच फाइल, ६४ केबीच्या आत बसली नाही तर फोन ती घ्यायचाच नाही. चित्रं, आवाज, कोड, अक्षरं सगळं त्यात. प्रत्येक वेगळ्या क्लासमागे, म्हणजे कोडच्या स्वतंत्र तुकड्यामागे, काही बाइट जातात म्हणून सगळा गेम दोन क्लासमध्ये कोंबलेला. प्रत्येक पीएनजी चित्राच्या फाइलला स्वतःचं डोकं असतं, तेही जागा खातं, म्हणून सगळी चित्रं एकाच पीएनजीत, आणि खेळताना त्यातला हवा तो तुकडा दाखवायचा. वर प्रोगार्ड नावाच्या साधनाने कोडमधली नावं छाटून a, b, c करायची. तुम्ही जार उलगडून पाहिलीत तेव्हा जी अर्थहीन अक्षरं दिसली ती तिथून आली, त्यात काही गूढ शोधू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: त्या फोनवरच्या सीएलडीसी १.० मध्ये, म्हणजे जावाच्या छोट्या आवृत्तीत, दशांश आकडे नव्हते. फ्लोट नाही, डबल नाही, साइन-कोसाइनही नाही. त्यामुळे कोन, वेग, सगळं पूर्णांकात ठेवायचं. खऱ्या आकड्याला २५६ने गुणून साठवायचं आणि हिशेब झाला की आठ बिट उजवीकडे सरकवून, म्हणजे ढोबळमानाने २५६ने भागून, परत आणायचं. हे त्या काळात सगळेच करायचे.

आता काठी डावीकडे का ओढते ते बघू. तुमच्यापैकी एकीने लिहिलंय की मूळ गेम एमुलेटरवर, म्हणजे जुन्या फोनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, चालवला तर काठी ‘किंचित डावीकडे ओढल्यासारखी’ वाटते, तुमच्या आवृत्तीत मात्र ती सरळ उभी राहते आणि गेम फिका पडतो. बरोबर पकडलंय. मला स्वतःला ही ओढ जाणवायची, पण मी ती हाताच्या सवयीची समजत होतो. तुमचं वाचल्यावर मी कागद घेऊन बसलो.

दर फ्रेमला, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र बदलतं त्या प्रत्येक वेळी, काठीच्या वेगात भर पडायची ती अशी: कोन गुणिले पाच, आणि आलेला आकडा आठ बिट उजवीकडे सरकवलेला. समजा काठी उजवीकडे ४० एकक झुकली आहे. ४० गुणिले ५ म्हणजे २००. दोनशे आठ बिट सरकवले की उत्तर शून्य. म्हणजे उजवीकडे एवढ्या झुकावाला काठीवर काहीच ओढ नाही, ती तशीच स्तब्ध राहते. आता काठी डावीकडे तेवढीच झुकली, कोन उणे ४०. गुणाकार उणे २००. जावात उणे आकडा उजवीकडे सरकवला की तो शून्याकडे येत नाही, खालच्या पूर्णांकाकडे जातो. उत्तर येतं उणे एक. म्हणजे डावीकडे एक एककाएवढा जरी झुकाव असला तरी दर फ्रेमला उणे एकची ओढ सुरू. उजवीकडे मात्र कोन ५१ पर्यंत गेला तरी शांतता, ५२ला पहिली ओढ.

तुम्ही हाच हिशेब फ्लोटमध्ये केलात, त्यामुळे दोन गोष्टी एकदम गेल्या. उजवीकडची ती स्तब्धता गेली आणि डावीकडची ओढही गेली. ब्राउझरवाल्याने पूर्णांक ठेवले, पण सरकवण्याऐवजी २५६ने भागून पुढची दशांशं छाटली. त्यामुळे त्याच्याकडे दोन्ही बाजूंना स्तब्धता आहे. त्याची काठी जरा जास्तच शहाणी झाली आहे, वाटेल तितका वेळ उभी राहते. तीन आवृत्त्या, एकच सूत्र, आणि तीन वेगळे गेम. मूळ गेम चांगला खेळणारे सगळे अंगठा सहाच्या बटणापासून दूर, चारवर टेकवून ठेवायचे, कारण काठी डावीकडेच जाणार हे त्यांच्या बोटांना माहीत होतं. स्क्रीनवर कुठेही न लिहिलेलं हे ज्ञान हातातून आलेलं होतं, आणि ज्याला ते आलं तो पुढचे टप्पे पार करायचा.

म्हणून माझं स्पष्ट मत: ही ओढ ठेवा. ती मी कागदावर आखलेली नव्हती, पूर्णांकांच्या हिशेबातून आलेली होती, तरी खेळणाऱ्यांनी तिच्यावर आपलं कौशल्य बांधलं. कौशल्य ज्यावर उभं आहे ते काढून घेतलं तर उरलेल्या गोष्टीला जुनं नाव देण्यात अर्थ नाही.

हे काही माझ्याच गेमपुरतं नाही. १९७८च्या स्पेस इन्व्हेडर्समध्ये शत्रू कमी होत जातात तसे उरलेले वेगाने धावायला लागतात, आणि त्या गेमचा सगळा थरार त्यात आहे. तोमोहिरो निशिकादोंच्या यंत्राला सगळे शत्रू एकदम हलवणं झेपत नव्हतं. एका फ्रेमला एक शत्रू हलायचा. ५५ शत्रू असताना प्रत्येकाची पाळी जवळजवळ सेकंदाने यायची, शेवटचा एकटा उरला की दर फ्रेमला त्याचीच पाळी. आज कुणी तो गेम वेगवान यंत्रावर बांधला आणि सगळे शत्रू एकदम हलवले तर ही चढती गती नाहीशी होते, ती मुद्दाम परत लिहावी लागते. पॅक-मॅनमधलं (१९८०) गुलाबी भूत खेळणाऱ्याच्या चार घरं पुढे जागा धरतं, पण तोंड वर असेल तर चार घरं वर आणि चार घरं डावीकडे. आकडा ओसंडल्यामुळे होणारी ही गोष्ट. निष्णात खेळाडू तिच्यावरच आपल्या वाटा आखतात.

याच्या उलट बाजूचं उदाहरण म्हणजे प्रिन्स ऑफ पर्शिया. जॉर्डन मेकनर यांनी तो १९८९मध्ये ॲपल टूसाठी केला. स्मृती संपत आली होती, नव्या शत्रूची चित्रं ठेवायला जागा नव्हती. तेव्हा नायकाचंच चित्र एका बिटने सरकवून स्वतःशीच एक्स-ऑर केलं, म्हणजे दोन्हींत जिथे फरक पडतो तेवढेच ठिपके ठेवले, आणि त्यातून झगमगणारी सावली तयार झाली. तोच पुढे कथेतला छायापुरुष. इथे अडचण दिसल्यावर कर्त्याने ती उचलून तिला अर्थ दिला. अशी गोष्ट नव्या आवृत्तीत ठेवायची की नाही हा प्रश्नच येत नाही. त्या गेमचा मूळ कोड हरवलाय असंच मानलं जात होतं. मेकनर यांच्या वडिलांना जुन्या फ्लॉपी सापडल्या आणि २०१२मध्ये मेकनर यांनी तो सगळ्यांसाठी खुला केला. पण चाहत्यांचं एसडीएलपॉप नावाचं जे पुनर्निर्माण आहे, ते डॉस या जुन्या पीसी प्रणालीवरच्या आवृत्तीचा यंत्रकोड उलगडून बांधलेलं आहे. त्यातली एक पद्धत तुम्ही जशीच्या तशी उचला. मूळ गेममधल्या विचित्र गोष्टी त्यांनी मिटवल्या नाहीत. प्रत्येक दुरुस्ती एका सेटिंगच्या फाइलमध्ये वेगळी ठेवली आहे, हवी ती चालू करा, नको ती बंद. तुम्हीही काठीची ओढ अशीच एका बटणावर ठेवा. पण पहिल्यांदा गेम उघडेल तेव्हा ती चालू असली पाहिजे, एवढं माझं ऐका.

आता ज्यावर मी अडून बसणार आहे ती गोष्ट. तुमच्या आवृत्तीत काठी हाताबाहेर गेली की ती कोसळते, धूळ उडते, स्क्रीन हादरते आणि ‘गेम ओव्हर’ येतं. ॲनिमेशन चांगलं केलंय, ज्याने केलं त्याचा हात तयार आहे हे दिसतं. तरीही ते काढा. मूळ गेममध्ये काठी कधीच पडत नाही. कोन ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की दोन्ही बाजूंनी दोन माणसं धावत येतात, काठीला हात देतात, आणि खाली ‘सावरा’ एवढीच अक्षरं येतात. मग टप्पा पुन्हा सुरू. ६४ केबीतले जवळपास दोन केबी मी त्या दोन माणसांवर खर्च केले होते. एवढ्या जागेत आणखी एक टप्पा बसला असता, आणि मी ज्यांच्याकडे काम करत होतो त्यांनी तसा आग्रहही धरला होता. मी बधलो नाही.

कारण सरावात मी तेच पाहिलं होतं. एक जण पेलत असतो, पण त्याच्या आजूबाजूला लक्ष ठेवून असलेले दहा जण असतात. काठी झुकली की कुणी ओरडत नाही, कुणी हसत नाही, हात पुढे येतात. ज्या काठीपुढे आपली आजी पदर डोक्यावर घेऊन उभी राहते ती जमिनीवर आपटलेली दाखवायची, हे माझ्याकडून झालं नसतं. त्याच कारणाने गेममध्ये मी देऊळ दाखवलं नाही, नंदीध्वज हे नावही घातलं नाही. पांढऱ्या कपड्यांतला माणूस, काठी आणि रस्ता. सोलापूरकराला आपोआप कळायचं, बाहेरच्याला नुसता तोल सांभाळण्याचा गेम वाटायचा, आणि दोघांचंही ठीक होतं. फोनच्या मर्यादेतून आलेल्या गोष्टींवर आपण वाद घालू, तुम्ही मला पटवूही शकाल. पण ही गोष्ट पूर्णपणे माझी होती, आणि ती बदलायची असेल तर गेमचं नाव बदला, वेगळा गेम म्हणून करा. मी नाराज होणार नाही.

चित्रांबद्दल थोडक्यात. तुम्ही सगळं मोठ्या रिझोल्यूशनमध्ये नव्याने काढताय, खुशाल काढा. फक्त रस्त्याकडेच्या भिंतींवरची नक्षी काढताना एक लक्षात घ्या. ती सोलापुरी चादरीची आहे, आणि ती मी गेमसाठी शोधून काढलेली नाही. आमच्या पूर्व भागात चादरीची नक्षी ग्राफ पेपरवर चौकोन भरून काढायचे, मग त्यावरून कार्ड पंच करायचे आणि ती कार्डं जॅकार्डला, म्हणजे मागावरच्या नक्षी विणणाऱ्या यंत्राला, लावायची. एक चौकोन भरलेला की रिकामा, एवढाच प्रश्न. कडेचा शेवटचा चौकोन पुढच्या तुकड्याच्या पहिल्या चौकोनाशी जुळला नाही तर सगळी चादर बिघडणार, हे पेपर भरणाऱ्याला डोळे मिटूनही कळायचं. १६ बाय १६च्या टाइलमध्ये नक्षी कशी पुन्हा पुन्हा जोडायची हे मी कुठल्या संगणकाच्या वर्गात शिकलो नाही, त्या कागदांवर शिकलो. तुम्ही गुळगुळीत वक्र रेषांनी फुलं काढली आहेत. ती सुंदर आहेत, पण चादरीतलं फूल पायऱ्यापायऱ्यांचं असतं, कारण धागा उभा आणि आडवाच जातो. पिक्सेल दिसतात म्हणून लाजू नका, चादरीतही ते दिसतातच. साखर पेठेत एखाद्या जुन्या कारखान्यात ग्राफ पेपर अजून मिळाले तर हात जोडून मागून घ्या आणि स्कॅन करा.

तुमच्यापैकी एकाने विचारलं, ‘सर, मूळ आवृत्ती कोणती धरायची?’ हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. त्या काळात एकच गेम फोनागणिक वेगळा बांधावा लागायचा. नोकिया ३५१०आयची स्क्रीन ९६ बाय ६५, तिथे काठीची उंची निम्मी. ६६००ची १७६ बाय २०८, तिथे वरचं आकाश जास्त. आणि गेमची गती फोनच्या प्रोसेसरवर चालायची. एक फ्रेम म्हणजे हिशेबाचं एक पाऊल. मंद फोनवर काठी सावकाश झुकायची, वेगवान फोनवर झपकन. दोन मित्र एकाच गेमबद्दल बोलायचे आणि दोघांच्या हातांनी दोन वेगळे गेम शिकलेले असायचे. तुमच्याकडे आलेल्या चाहत्यांच्या आठवणी जुळत नाहीत याचं कारण हेच असणार. सगळे खरं बोलतायत.

मी १२८ बाय १२८ची आवृत्ती मूळ धरतो, कारण बाकीच्या तिच्यावरून केल्या. पण खरं सांगायचं तर तुमच्याकडे जी जार आली ती कुठून आली हेही बघा. अधिकृतपणे गेम फोन कंपन्यांच्या पोर्टलवरून विकला जायचा. ती पोर्टलं बंद झाली, त्यांच्याबरोबर तिथल्या प्रतीही गेल्या. माझ्याकडेही कोड नाही, नोकरी सोडताना तो न्यायचा नसतो. गेम वाचला तो नवी पेठेतल्या मोबाइलच्या दुकानांमुळे. मेमरी कार्ड द्यायचं, थोडे पैसे द्यायचे, दुकानदार त्यात गाणी, वॉलपेपर आणि गेम भरून द्यायचा. त्या वेळी आम्हाला ते सलायचं, कारण त्यातला एक रुपया करणाऱ्यांकडे येत नव्हता. आज जे कुठे आहे ते त्या कार्डांतच आहे. कपाटात जुना फोन पडलेला असेल अशा प्रत्येक घरी विचारा. कार्ड मिळालं तर फोनमध्ये घालून बघत बसू नका, आधी त्याची संपूर्ण प्रत संगणकावर काढून ठेवा. ही कार्डं फार काळ भरवशाची नसतात.

मोजमाप कसं घ्यायचं ते सांगतो, कारण इथेच बहुतेक पुनर्निर्माणं घसरतात. जे टू एमई लोडर किंवा फ्रीजेटूएमई यांसारख्या एमुलेटरवर नियम तपासा, वेळ तपासू नका. एमुलेटर मूळ फोनच्या गतीने चालतोच असं नाही. वेळेसाठी खरा फोन हवा. आजच्या मोबाइलमध्ये सेकंदाला २४० फ्रेमचं स्लो मोशन असतं. त्याने जुना फोन चालू असताना चित्रित करा, आणि बटणावरचा अंगठा व स्क्रीन दोन्ही चौकटीत येऊ द्या. मग एकेक फ्रेम पुढे सरकवत मोजा. अंगठा दबल्यापासून माणूस हलेपर्यंत किती फ्रेम, काठी एका जागेवरून दुसऱ्या जागी जाते तेव्हा मध्ये किती फ्रेम. नोकिया ६६१०वर, म्हणजे १२८ बाय १२८च्या फोनवर, हिशेबाची पावलं सेकंदाला बाराच्या आसपास पडायची असं मला आठवतं, पण माझी आठवण पुरावा म्हणून धरू नका. मी आठवणीतून एक सांगितलं आणि जार दुसरं सांगते आहे असं झालं तर जारचं ऐका.

हिशेब सेकंदाला बारा पावलांनीच चालवा, चित्र वाटल्यास ६० फ्रेमने दाखवा. मात्र मधल्या जागा भरून चित्र गुळगुळीत करायला गेलात की स्क्रीन हिशेबाच्या एक पाऊल मागे राहते, म्हणजे जवळजवळ ८० मिलिसेकंद. तोल सांभाळण्याच्या गेममध्ये एवढा उशीर बोटाला लगेच कळतो. मी असतो तर माणूस आणि रस्ता गुळगुळीत केला असता आणि काठी बारा पावलांतच ठेवली असती. करून बघा, कदाचित तुम्हाला दुसरं काही सापडेल.

मर्यादेजवळ फोन थरथरायचा, तेही विसरू नका. ते नोकियाच्या स्वतःच्या यूआय एपीआयमधून, म्हणजे नोकियाने आपल्या फोनसाठी दिलेल्या आज्ञांमधून, केलं होतं, म्हणून दुसऱ्या कंपनीच्या फोनवरच्या आवृत्तीत ते नव्हतं. अँड्रॉइडवर तुम्हाला सहज करता येईल.

हक्कांचं एकदा बोलून टाकतो. तुम्ही माझी परवानगी मागितलीत हे तुमचं सौजन्य, पण ती द्यायचा अधिकार माझा नाही. १९५७च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्राम साहित्यकृतीत धरला जातो, आणि नोकरीत असताना केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणाराच असतो. कंपनी बंद झाली तरी हक्क संपत नाहीत, कुणाकडे तरी जातात. मात्र नियम आणि कल्पना यांवर कॉपीराइट नसतो, आणि मिळालेला प्रोग्राम कसा चालतो हे समजून घेण्यासाठी त्याचा अभ्यास करायला कलम ५२ने मोकळीक दिली आहे. तेव्हा कोड स्वतः लिहा, चित्रं स्वतः काढा, संगीत स्वतः करा, मूळ जार कुठे चढवू नका, पैसे घेऊ नका. संगीताचा प्रश्न तर सोपा आहे. आपल्याकडे हलगी आणि संबळ वाजवणारे आहेत, त्यांना विचारा आणि त्यांची नावं गेममध्ये मोठ्या अक्षरांत द्या. आमच्या वेळी एका सुरात वाजणाऱ्या मिडीवर भागवावं लागलं होतं.

आता तुमचा तिसरा प्रश्न, विजापूर वेशीचा वारा. तुम्ही तिथे उणे दोन ते अधिक दोन असा यादृच्छिक आकडा घेतलाय आणि तो दर वेळी वेगळा येतो. मूळ गेममध्ये वारा दर वेळी तोच होता. यादृच्छिक आकडे देणाऱ्या जावाच्या रँडम क्लासला टप्प्याच्या क्रमांकावरून बीज, म्हणजे सुरुवातीचा आकडा, दिलेलं होतं: क्रमांक गुणिले ६८, आपल्या सोलापुरातल्या अडुसष्ट शिवलिंगांवरून. हा चौथा टप्पा, म्हणजे बीज २७२. बीज तेच असलं की येणारे आकडेही तेच, आणि जावाच्या रँडमची पद्धत ठरलेली असल्यामुळे सगळ्या फोनवर सारखेच. म्हणून लोकांना वारा पाठ व्हायचा. वेशीच्या कमानीआधी एक झोत, मग दम, मग दोन झोत लागोपाठ.

गोदोच्या स्वतःच्या रँडमला २७२ दिलंत तरी ते आकडे येणार नाहीत, पद्धत वेगळी आहे. जावाची पद्धत तुम्हाला स्वतः लिहावी लागेल, चार ओळींचं काम आहे. बीज आधी २५२१४९०३९१७शी एक्स-ऑर करा आणि खालचे ४८ बिट ठेवा. मग प्रत्येक नव्या आकड्यासाठी बीजाला २५२१४९०३९१७ने गुणा, ११ मिळवा, पुन्हा खालचे ४८ बिट ठेवा, आणि त्यातले वरचे ३२ बिट चिन्हासह पूर्णांक म्हणून घ्या. ब्राउझरवाल्याला सांगा की हा गुणाकार साध्या नंबरमध्ये बसत नाही, शेवटचे अंक चुकतात, त्याला मोठ्या पूर्णांकांसाठीचा बिगइंट वापरावा लागेल. जमलं की नाही हे तपासायला बीज ४२ द्या. पहिला आकडा उणे ११७०१०५०३५ आणि दुसरा २३४७८५५२७ यायला हवा.

त्या आकड्याचे मी फक्त वरचे दोन बिट घ्यायचो, ३० बिट उजवीकडे सरकवून. त्यातून चारच किमती निघतात: उणे दोन, उणे एक, शून्य आणि एक. म्हणजे वाराही डावीकडे झुकलेला. आधीच डावीकडे ओढणारी काठी आणि तिच्यावर डावीकडे झुकणारा वारा, म्हणून ती वेस एवढी अवघड होती. तुमच्या वाऱ्यात दोन्ही बाजू सारख्या आहेत, त्या एकमेकींना खोडतात, आणि टप्पा सैल पडतो. हे दोन बदल करा आणि मला नवी आवृत्ती पाठवा. यंदाच्या गड्ड्याच्या आधी, सराव सुरू असतानाच पाठवलीत तर आपण सगळे मिळून तिथे जाऊ आणि माणसाच्या पावलांचं ॲनिमेशन समोर बघून पक्कं करू, कारण तुमचा माणूस सध्या पाऊल टाकताना खाली बघतो.